लाइमच्या मुलखातला उन्हाळा

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून न्यू जर्सीला, कनेक्टिकटला किंवा बॉस्टनच्या आसपास मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि सहा महिने पुरतील इतक्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मुलगा-सून त्यांना थर्मोस्टॅट, कचऱ्याचे वेगवेगळे डबे आणि दाराचा अलार्म समजावून देतात. गोचिडीबद्दल मात्र बहुतेक घरांत अवाक्षर निघत नाही. ईशान्य अमेरिकेत गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची लागण सर्वांत जास्त होते ती नेमकी याच दिवसांत, मे ते जुलैमध्ये. तिथे कायमच्या राहणाऱ्या आणि तिथे पाहुणे म्हणून जाणाऱ्या अशा दोघांसाठी हा लेख आहे.

गोचीड म्हटलं की गुरांच्या कानात नाहीतर कुत्र्याच्या मानेवर चिकटलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली करडी गोचीड आपल्या डोळ्यांपुढे येते. लाइम पसरवणारी गोचीड शोधताना हे चित्र उपयोगाचं नाही. तिला तिकडे डिअर टिक किंवा काळ्या पायांची टिक म्हणतात. माणसाला ती सर्वाधिक लागण करते ती पूर्ण वाढ होण्याच्या आधीच्या अवस्थेत, आणि तेव्हा ती जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावते तेव्हा दुखत नाही, नंतरही फारसं खाजत नाही. त्यामुळे लाइमचं निदान झालेल्या कित्येकांना आपल्याला काही चावल्याचं आठवतच नाही. ‘मला कुठे काय चावलंय?’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये ते यासाठीच.

कनेक्टिकटमधल्या लाइम आणि शेजारच्या गावांत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बऱ्याच मुलांचे गुडघे सुजत होते. डॉक्टर त्याला लहान मुलांचा संधिवात म्हणत. पॉली मरी नावाच्या एका आईने घरातल्या सगळ्यांच्या दुखण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. एकाच गावात इतक्या मुलांना संधिवात कसा, असं विचारत १९७५ साली ती राज्याच्या आरोग्य खात्याच्या मागे लागली. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी तपास केला आणि दुखण्याला गावाचं नाव मिळालं. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आणलेल्या गोचिडींच्या आतड्यात मळसूत्री आकाराचा जिवाणू सापडला. तोच बोरेलिया बर्गडॉर्फेरी. एका जागरूक आईची वही नसती तर हे सगळं आणखी किती वर्षं लांबलं असतं कोण जाणे.

रोग इतका फोफावला कसा, हे समजलं की काळजी कुठे घ्यायची तेही आपोआप कळतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत न्यू इंग्लंडमधलं बरंचसं जंगल शेतीसाठी तोडलं गेलं होतं आणि हरणं जवळजवळ नाहीशी झाली होती. पुढे शेती परवडेना, माणसं शहरांकडे आणि पश्चिमेकडे गेली, पडीक रानांवर पुन्हा झाडी उठली, हरणं परतली. मग विसाव्या शतकात त्याच झाडीत घरं, ड्राइव्हवे आणि हिरवळी घुसल्या. हरीण मोठ्या गोचिडींना पोसतं, पण गोचिडीला जिवाणू त्याच्याकडून मिळत नाही. तो मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या एका छोट्या उंदराकडून. गोचिडीच्या अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लात लाइमचा जिवाणू नसतो. पहिलं रक्त अशा उंदराचं प्यायलं, की पुढच्या वर्षी ते माणसाला लागण करायला तयार. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या कॅरी इन्स्टिट्यूटमधले रिचर्ड ओस्टफेल्ड यांनी तर ही साखळी ओकच्या झाडापर्यंत नेऊन दाखवली: एका शरद ऋतूत ओकच्या फळांचा, म्हणजे एकॉर्नचा, सडा पडला की पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लागण झालेल्या गोचिडी.

थंडी सौम्य होत गेली तसा हा पट्टा उत्तरेकडे सरकत गेला. मेन आणि व्हरमाँट आज चांगलेच ग्रस्त आहेत. सीमेपलीकडे ऑन्टारिओ, क्विबेक, नोव्हा स्कोशियातही रोगाने बस्तान बसवलं आहे. मध्यपश्चिमेत विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा हा दुसरा मोठा टापू. अमेरिकेत २०२३ साली अधिकृत नोंद झालेले रुग्ण ८९ हजारांच्या वर होते, आणि नोंद न होणारे धरून दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, अंदाज आहे. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना धोका बराच कमी. तिथली गोचीड पिल्लावस्थेत उंदरापेक्षा सरड्याचं रक्त जास्त पिते, आणि त्या सरड्याच्या रक्तात हा जिवाणू मरतो. निसर्ग एखाद्या किनाऱ्याला अशी सवलत देतो, दुसऱ्याला देत नाही!

लाइम म्हणजे गिर्यारोहकांचा रोग असं अनेकांना वाटतं. ईशान्येत बहुतांश लागण घराच्या आसपासच होते. मागच्या अंगणात हिरवळ संपून झाडी सुरू होते ती कड, पालापाचोळ्याचे ढीग, लाकडांची रास, दगडी कुंपणं या गोचिडीच्या आवडत्या जागा. रुग्णांच्या वयाचा आलेख दोन ठिकाणी उंचावतो: एकदा शाळकरी मुलांत आणि पुन्हा पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांत. म्हणजे दुपारी अंगणात चेंडू शोधत झुडपांत शिरणारा नातू आणि कुंपणाकडेला मेथी-अळू लावणारी आजी, दोघंही नेमके त्यात बसतात.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती वाट बघत बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चिकटते. मग अंगावरून वर वर चढत मऊ, उबदार जागा शोधते. म्हणून पायवाटेवर मधून चालावं, कडेच्या गवताला घासून नव्हे. पडलेल्या ओंडक्यावर बसून डबा खाण्याचा मोह आवरावा. फिकट रंगाची पँट घालून तिचे पाय मोज्यांत खोचावेत. दिसायला वेडगळ दिसतं, पण ती फार कामाची युक्ती आहे. साडी किंवा सैल सलवार घालून रानवाटेवर जाणं मात्र टाळलेलं बरं.

त्वचेवर लावायला डीट किंवा पिकारिडिन असलेला फवारा घ्या. डासांसाठी भारतातून नेलेलं मलम गोचिडीवर चालेलच असं नाही. वेष्टनावर टिकचा उल्लेख नसेल तर त्यावर विसंबू नका. कडुनिंबाच्या तेलावरही नको. बागकामाचे बूट, मोजे आणि पँट यांच्यावर ०.५ टक्के पर्मेथ्रिन फवारून वाळवून ठेवता येतं आणि त्याचा परिणाम काही धुण्यांपर्यंत टिकतो. ते कपड्यांसाठीच आहे, अंगाला लावायचं नाही. फवारणी घराबाहेर करा आणि घरात मांजर असेल तर कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला लांब ठेवा, कारण ओलं पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

अंगणाबाबत थोडक्यात: पाचोळा उचला, लाकडं कोरड्या जागी रचा, हिरवळ आणि झाडी यांच्यामध्ये मीटरभर रुंदीचा लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा पट्टा टाका, मुलांचे झोपाळे झाडीपासून दूर न्या. औषध फवारणाऱ्या कंपन्यांची पत्रकं दर वसंतात दारात येऊन पडतात. फवारणीने गोचिडी कमी होतात हे खरं, पण तेवढ्याने घरातल्यांची लागण कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पैसे खर्च करून निर्धास्त होण्यापेक्षा पुढची गोष्ट रोज करा.

ती गोष्ट म्हणजे संध्याकाळची तपासणी. गोचीड चावल्या चावल्या लाइम होत नाही. जिवाणू तिच्या आतड्यात असतो आणि तो आपल्या रक्तात उतरायला साधारणपणे २४ तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दिवसातून एकदा अंग नीट पाहिलं आणि गोचीड काढून टाकली तर बहुतेक वेळा रोग टळतो. लाइमच्या बाबतीत यासारखा स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही, आणि नेमका तोच कंटाळा करून सोडला जातो.

बाहेरून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा. अंगावरचे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. गोचीड धुण्याच्या थंड-कोमट पाण्यात मजेत जगते, कोरड्या उष्णतेने मात्र मरते. ‘ऊन पडलंय तर दोरीवर वाळत घालू’ ही आपली सवय एरवी कितीही चांगली असली तरी या कपड्यांपुरती ती बाजूला ठेवावी. मग काखा, कानामागची आणि कानातली जागा, बेंबी, गुडघ्यांची मागची बाजू, जांघा, नाडीची किंवा इलॅस्टिकची रेघ, ब्लाउजच्या कडा, मान आणि केसांची मुळं बघा. दाणा दिसत नसेल तर बोटाला लागतो. कालपर्यंत नसलेला तीळ आज उगवला असेल तर तो नीट पाहावा. मुलांना अंघोळ घालतानाच हे उरकता येतं. उवा शोधण्यात आयुष्य गेलेल्या आज्या या कामात डॉक्टरांहून तरबेज असतात, त्यांच्याकडे हे खातं बिनधास्त सोपवा. खुद्द आजी-आजोबांचं मात्र अवघड होतं. सासूबाई सुनेला पाठ दाखवत नाहीत आणि वडील मुलाला जांघ दाखवत नाहीत. त्यांनी एकमेकांचं बघावं. एकटं माणूस असेल तर हातआरसा किंवा फोनचा कॅमेरा. हा संकोचाचा विषय पहिल्याच दिवशी चहा पिताना मोकळेपणाने काढावा, नंतर तो राहूनच जातो.

गोचीड सापडली तर घाबरू नका आणि उशीरही करू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. तिच्या तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. नंतर जागा साबणाने किंवा स्पिरिटने पुसा. घासलेट, तंबाखू, चुना, मीठ, व्हॅसलिन, नेलपॉलिश, जळती काडी यांतलं काहीही लावू नका. ती आपण होऊन सुटेल म्हणून वाट पाहण्यात वेळ जातो, आणि डिवचलेल्या गोचिडीच्या पोटातला जिवाणू जखमेत येण्याचा धोका असतो. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका. तिचा फोटो काढा, चिकटपट्टीवर किंवा छोट्या पिशवीत बंद करून ठेवा आणि कॅलेंडरवर तारीख आणि शरीरावरची जागा लिहा.

मग डॉक्टरांना फोन. गोचीड काळ्या पायांची असेल, प्रादुर्भावाच्या भागातली असेल, ३६ तास किंवा अधिक चिकटलेली असावी असं वाटत असेल आणि ती काढून ७२ तास उलटले नसतील, तर डॉक्सीसायक्लिनचा एकच डोस प्रतिबंध म्हणून दिला जातो. मोठ्यांसाठी तो २०० मिलिग्रॅमचा असतो. चपटी, कोरडी गोचीड म्हणजे ती अजून फारशी प्यायलेली नाही; फुगलेली असेल तर फोन करायला सकाळची वाट पाहू नका. आपल्याकडे पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोसाठी देतात तेच हे औषध. तरी बॅगेतली जुनी पट्टी काढून आपल्या मनाने घेऊ नये. वय, गरोदरपण, चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी हे सगळं डॉक्टरांनी बघायचं असतं.

आता पुरळाबद्दल, आणि इथे आपल्या लोकांनी जरा जास्त लक्ष द्यावं. लागण झालेल्या साधारण ७० ते ८० टक्के लोकांच्या अंगावर चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवडाभरात, चट्टा उमटतो आणि तो दिवसागणिक पसरत जातो, कधी फूटभर रुंद होतो. चाव्यानंतर एक-दोन दिवसांतच उठणारी छोटी लाल गांधी म्हणजे लाइम नव्हे, ती नुसती चाव्याची प्रतिक्रिया असते. पत्रकांवर आणि दवाखान्यातल्या भित्तिचित्रांवर या चट्ट्याचं एकच चित्र असतं: गोरीपान पाठ, मध्ये लाल ठिपका, भोवती फिकट कडं, बाहेर पुन्हा लाल कडं. प्रत्यक्षात बहुतेकांचा चट्टा असा दिसत नाही. तो सलग लालसर असतो. सावळ्या आणि गव्हाळ कातडीवर तर तो लालही दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्याचा डाग असावा तसा दिसतो. तो दुखत नाही, फारसा खाजत नाही, थोडा गरम लागतो एवढंच. त्यामुळे गडद वर्णाच्या लोकांत लाइमचं निदान उशिरा होतं, अनेकदा सांधे सुजल्यावर किंवा चेहरा वाकडा झाल्यावर. डॉक्टरला ‘लाल आहे का’ यापेक्षा ‘पसरतोय का’ हे सांगा. डागाच्या कडेने पेनने रेघ ओढा, रोज त्याच उजेडात फोटो घ्या. दोन दिवसांत डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर तेवढं डॉक्टरला दाखवणं पुष्कळ झालं.

चट्ट्याबरोबर किंवा त्याच्याशिवायही ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, कमालीचा थकवा येतो. जूनमध्ये नाक न वाहता, खोकला न होता फ्लूसारखं वाटलं तर गोचिडीची आठवण ठेवा. उपचार झाले नाहीत तर काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, मान आखडते, क्वचित हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि चक्कर येते. काही महिन्यांनी एखादा मोठा सांधा, बहुधा गुडघा, भरून येतो. साठीतल्या माणसाचा गुडघा सुजला की घरातले ‘वयाचं आहे’ म्हणतात, चेहरा वाकडा झाला की पक्षाघाताच्या भीतीने इस्पितळात धावतात. धावायलाच हवं, फक्त तिथे पोचल्यावर अंगणातल्या गोचिडींचा उल्लेख करायला विसरू नये.

रक्ततपासणीबाबत गैरसमज फार. ती जिवाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून चावल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी निरर्थक ठरते, आणि चट्टा असताना तपासणी निगेटिव्ह आली म्हणून लाइम नाही असं होत नाही. प्रादुर्भावाच्या भागात ठळक चट्टा दिसला की चांगले डॉक्टर तपासणीसाठी न थांबता औषध सुरू करतात. डॉक्सीसायक्लिनचा साधारण १० ते १४ दिवसांचा कोर्स किंवा अमॉक्सिसिलिनचा १४ दिवसांचा. सांधे किंवा मज्जासंस्था गुंतली असेल तर जास्त दिवस, कधी शिरेतून. डॉक्सीसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, ज्या आपल्या बहुतेक आयांच्या डब्यात असतात, त्या काही तासांच्या अंतराने घ्याव्यात. त्या दिवसांत उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा टोपी आणि लांब बाह्या.

बहुसंख्य लोक या कोर्सने पूर्ण बरे होतात. ५ ते १० टक्के लोकांना नंतर काही महिने थकवा, अंगदुखी, विसराळूपणा जाणवत राहतो. तो त्रास खरा असतो, त्याला मनाचे खेळ म्हणू नये. पण त्यासाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविकं देणारे, हजारो डॉलर उकळणारे जे दवाखाने इंटरनेटवर भेटतात त्यांच्यापासून दूर राहा. लांबलेल्या प्रतिजैविकांचा फायदा होत नाही हे काटेकोर चाचण्यांत दिसलं आहे आणि त्यांनी काहींचं गंभीर नुकसानही झालं आहे. माणसांसाठी १९९८ साली एक लस बाजारात आली होती. मागणी नाही म्हणून कंपनीने २००२ मध्ये ती काढून घेतली. कुत्र्यांना मात्र लस मिळते. माणसांसाठी नाही, त्यांच्यासाठी आहे, म्हणून निदान घरच्या कुत्र्याला ती द्यायची का हे पशुवैद्याला विचारा. गोचीडरोधक औषधही द्या, कारण घरात गोचीड आणणारा तोच असतो.

हीच गोचीड आणखी काही रोग पसरवते. बबेसिया नावाचा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो, सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियासारखा दिसतो आणि वयस्करांना किंवा प्लीहा काढलेल्यांना गंभीर ठरू शकतो. त्याच्यावर डॉक्सीसायक्लिन चालत नाही. म्हणून लाइमची गोळी सुरू असूनही ताप उतरत नसेल तर परत दाखवायला जा. खर्चाच्या धास्तीने पाहुणे आई-वडील ताप अंगावर काढतात. प्रवासविम्याच्या कागदांत अर्जंट केअरची सोय काय आहे हे विमान पकडण्याआधीच मुलांनी वाचून ठेवावं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत आल्यावरही विषय संपलेला नसतो. निघण्याच्या आठवड्यात चावलेल्या गोचिडीचा ताप पुण्यात किंवा साताऱ्यात येईल, आणि तेव्हा पावसाळ्यामुळे तिथले डॉक्टर साहजिकच डेंग्यू, चिकनगुनिया, लेप्टो, मलेरिया तपासतील. सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरीत घर असेल तर गोचीड म्हटल्यावर त्यांना माकडताप आठवेल, जो विषाणूचा अगदी वेगळा रोग आहे. त्यांना आपणहून सांगा: कोणत्या राज्यात होतो, कोणत्या तारखेपर्यंत, झाडीत किंवा बागेत वावर होता का, गोचीड काढली होती का. कॅलेंडरच्या त्या पानाचा आणि चट्ट्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. अमेरिकेत लाइमचे उपचार झाले असतील तर औषधाचं नाव, दिवस आणि तपासणीचा कागद फाइलला लावून ठेवा. प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं टिकतात, आणि पुढे कधी कुणी सहज म्हणून ही तपासणी केली तर पॉझिटिव्ह आलेल्या त्या कागदावरून बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा औषधं सुरू व्हायला नकोत.